गळाला लागलेला मोठा मासा: ठेवावा की सोडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून होणारी पंचगंगा, दक्षिणेकडच्या दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी, त्यांच्यावरची धरणे आणि गावोगावचे बंधारे यांमुळे कोल्हापूर जिल्ह्यात हौसेने गळ टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वर्षानुवर्षे काठावर बसल्यावर एखाद्या दिवशी असा मासा लागतो की काठी वाकते, रीळ किंचाळते आणि मासा काठाशी आला की मनात एकच प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाभोवतीच्या ज्या शंका मला पुन्हा पुन्हा विचारल्या जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हा निर्णय नेमका केव्हा घ्यावा?

गळ पाण्यात टाकण्यापूर्वी घ्यावा. मासा हातात आल्यावर विचार सुरू केला, तर आपण विचार करत असतो तेवढा वेळ मासा हवेत तडफडत असतो, सोबतचे लोक मोबाइल काढून पुढे सरसावलेले असतात आणि शेवटी निर्णय आपण घेत नाही, गर्दी घेते. कोणत्या पाण्यात बसलो आहोत, तेथे कोणते मासे आहेत, त्यांपैकी कोणता ठेवणार आणि कोणता सोडणार, हे सोबत्यांशी आधीच बोलून ठेवावे. सोडायचे ठरले असेल तर त्यासाठी लागणारी पक्कड, भिजवलेले कापड आणि गाठी नसलेली मऊ हातजाळी हाताशी असायला हवी. घरी न्यायचे ठरले असेल तर बर्फ सोबत हवा. दोन्हींपैकी काहीच नसताना मोठ्या माशाच्या मागे लागणे मला योग्य वाटत नाही.

मासा किती मोठा आहे यावर निर्णय अवलंबून असतो का?

काही अंशी असतो, पण त्याआधी तो मासा त्या पाण्यात कोठून आला हे विचारावे. माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आपल्या तलावांत आणि धरणांत दिसणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले मासे आहेत. कृष्णेच्या खोऱ्यात ते माणसाने आणून सोडले. त्यांना विणीसाठी पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते आणि साचलेल्या तळ्यात ते सहसा वीण करत नाहीत. म्हणूनच १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवून आणली, तेव्हा देशातल्या मत्स्यपालनाचे चित्र पालटले. आज एखाद्या गावतळ्यातला १२ किलोंचा कटला हा बहुतेक वेळा बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, असताना तेथे सोडलेला असतो. त्याच्या मागे त्या तळ्यात त्याचा वंश वाढणार नसतो आणि पुढच्या वर्षी तेथे पुन्हा बोटुकलीच सोडली जाणार असते. असा मासा परवानगी असेल तर घरी नेण्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून खाण्यात मला काहीच गैर दिसत नाही.

नदीत स्वतःच्या बळावर वीण करणारा, हळूहळू वाढणारा स्थानिक मासा मात्र वेगळा. तो एका पिढीचा उरलेला ठेवा असतो आणि त्याच्या जागी दुसरा आणून सोडण्याची सोय कोणाकडे नसते. तेव्हा तळ्यातला १२ किलोंचा कटला ठेवणारा आणि नदीतला ४ किलोंचा खडस (महसीर) सोडणारा माणूस विसंगत वागतो असे म्हणता येणार नाही.

खडस, म्हणजे महसीर, नेहमीच सोडावा का?

होय. या प्रश्नावर माझे मत ठाम आहे.

सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्यांतला हा खरा मोठा मासा आहे. शास्त्रीय नावातले ‘खुद्री’ हे त्याचे उपनाम महाराष्ट्रातूनच गेले आहे, कारण ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या जातीचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून. या माशाला स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि वीण घालण्यासाठी वाळू-गोट्यांचा तळ लागतो. बंधारे, वाळूउपसा, सांडपाणी आणि सुरुंगाने केली जाणारी मासेमारी या सगळ्यांनी त्याच्यावर एकाच वेळी घाला घातला आहे. त्यातच त्याची अंडी संख्येने कमी असतात. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखांच्या घरात अंडी घालते, तर महसीरची मादी काही हजारांतच थांबते.

जागतिक पातळीवरील यादीत ही जात पूर्वी संकटग्रस्त गणली जात होती आणि नंतरच्या मूल्यमापनात ती कमी चिंतेच्या गटात गेली, हे काही वाचक आवर्जून दाखवतात. ते खरे आहे. परंतु संपूर्ण जातीची स्थिती आणि आपल्या गावच्या नदीतली तिची स्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या डोहात आजोबांनी हे मासे पाहिले आणि आपण पाहिले नाहीत, त्या डोहापुरता निकाल लागलेलाच असतो.

महाराष्ट्रात हा मासा राखण्याची परंपरा जुनी आहे. महाड तालुक्यातील वाळणकोंड आणि वैतरणेच्या काठचे तिळसे येथे देवाचे मासे म्हणून लोकांनी महसीर पिढ्यानपिढ्या सांभाळले आहेत. तेथे कोणी पहारेकरी नेमलेला नव्हता, माणसांनी आपणहून ठरवले होते.

मोठ्या मादीला एवढे महत्त्व का दिले जाते?

माशांत मादी बहुधा नरापेक्षा मोठी होते, त्यामुळे फार मोठा मासा लागला तर तो मादी असण्याचा संभव अधिक असतो. दुसरे असे की अंड्यांची संख्या शरीराच्या आकाराबरोबर वाढत जाते आणि अनेक जातींत ती वजनाच्या प्रमाणापेक्षाही अधिक वेगाने वाढते. म्हणजे १० किलोंच्या एका मादीचे काम २ किलोंच्या पाच माद्यांनी भरून निघेलच असे नाही. मोठ्या माद्यांची अंडी काही जातींत आकारानेही मोठी असतात आणि त्यांतून निघणारी पिल्ले अधिक तगून राहतात.

‘म्हातारा मासा आहे, आज ना उद्या मरणारच’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. गाई-म्हशींच्या वयाचा हिशोब माशाला लागू पडत नाही, कारण मासा आयुष्यभर वाढत राहतो आणि मोठा झाल्यावरच सर्वांत फलदायी ठरतो.

चढणीच्या मासेमारीबद्दल काय मत आहे?

मृगाचा पाऊस लागला, ओढे वाहू लागले की मासे विणीसाठी उलट्या पाण्याने वर चढतात आणि शेताच्या बांधापर्यंत येतात. चढणीचे मासे धरणे हा आपल्याकडचा जुना उत्साहाचा भाग आहे आणि त्याच्या आठवणी माझ्याही लहानपणात आहेत. तरीही पोटात गाभोळी (अंडी) असलेला मोठा मासा त्या काळात धरून मारणे म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे दळून खाणे होय. जून ते ऑगस्ट या काळात गळाला मोठा मासा लागला आणि त्याचे पोट मऊ व फुगलेले दिसले, तर स्थानिक जात कोणतीही असो, तो नदीत असेल तर सोडावा. श्रावणात अनेक घरी मांसाहार बंद असतो. तो महिना याच काळात येतो हे माशांच्या दृष्टीने फार चांगले आहे.

मरळ मोठा असेल तर?

मरळाच्या बाबतीत आकारापेक्षा प्रसंग पाहावा. मरळाची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस, बारीक पिल्लांचा थवा खदखदताना दिसला की त्याच्या खाली आईबाप असतात आणि राखणीवरचा मासा जवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर झडप घालतो. या वेळी त्याला धरणे सोपे असते, पण तो गेला की थवा काही तासांत इतर माशांच्या तोंडी पडतो. अशा थव्यापाशी गळ टाकूच नये. एरवी तळ्यातला खाण्याजोगा मरळ ठेवण्यास हरकत नाही.

उन्हाळ्यात सोडलेला मासा जगतो का?

हिवाळ्याच्या तुलनेत त्याची शक्यता कमी असते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. दम लागलेल्या माणसाला बंद खोलीत बसवावे तशी त्याची अवस्था होते.

त्यात आपल्याकडचा एक विशेष आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपल्यावर बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले जातात आणि ते पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढले जातात. या मधल्या महिन्यांत नदी एका मागून एक अशा साचलेल्या फुगवट्यांत विभागली जाते, मासे डोहांत दाटतात आणि दोन बंधाऱ्यांमधला एखादा डोह थोड्या दिवसांत रिकामा करणे शक्य होते. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी मोठ्या माशामागे न लागता पहाटे बसावे आणि मासा दमून जाईपर्यंत खेळवत राहण्यापेक्षा जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरून तो लवकर काठाशी आणावा. बारीक दोऱ्यावर अर्धा तास झुंजवलेल्या माशाचे कौतुक होते खरे, पण त्या अर्ध्या तासाची किंमत मासा मोजतो.

माशाला पाण्याबाहेर किती वेळ ठेवता येतो?

१९९२ मध्ये कॅनडात ट्राउट माशांवर झालेला एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दमवलेले पण हवेत न काढलेले मासे पुढच्या १२ तासांत १०० पैकी १२ या प्रमाणात मेले. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांत हे प्रमाण ३८ वर गेले आणि ६० सेकंद ठेवलेल्यांत ७२ वर. ट्राउट हा थंड पाण्यातला नाजूक मासा आहे, त्यामुळे हे आकडे आपल्या माशांना जसेच्या तसे लावू नयेत, परंतु अर्धे मिनिट आणि एक मिनिट यांत किती अंतर आहे ते त्यातून कळते. मी स्वतः एक साधी रीत पाळतो: मासा पाण्याबाहेर काढताना आपला श्वास रोखून धरावा आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला असावा.

ही रीत मी एका चुकीतून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी भोगावतीच्या काठी मला एक मोठा खडस लागला होता. तो सोडायचा हे ठरले होते आणि मी तो सोडलाही, पण त्याआधी आम्ही चौघांनी आळीपाळीने त्याच्यासह फोटो काढले. तो शेपूट हलवत खोल पाण्यात गेला तेव्हा मला फार समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर, गुडघाभर पाण्यात, तो पांढरे पोट वर करून पडलेला मिळाला. मासा पोहत गेला म्हणजे जगला असे नाही, हे मी त्या सकाळनंतर कधी विसरलो नाही.

मासा जगण्याजोगा आहे हे कसे ओळखावे?

कल्ल्यांतून रक्त वाहत असेल तर आशा फार थोडी असते. रक्त नसेल तर माशाला पाण्यातच हलकेच कुशीवर वळवून पाहावे. धडधाकट माशाचे डोळे शरीर वळले तरी पातळी सांभाळण्यासाठी फिरतात आणि शेपटीला हात लावताच तो निसटू पाहतो. डोळे काचेसारखे स्थिर राहिले, शेपूट धरूनही प्रतिकार झाला नाही आणि कल्ल्यांची हालचाल अगदी मंद असेल, तर त्याला वेळ द्यावा लागेल किंवा तो वाचणार नाही.

सोडण्याची योग्य रीत कोणती?

हात आधी ओले करावेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करतो आणि कोरड्या हाताने, टॉवेलने किंवा उन्हात तापलेल्या काळ्या दगडावर ठेवल्याने तो निघून जातो. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळू देऊ नये, कारण पाण्याबाहेर त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण त्याच्या जबड्यावर, मणक्यावर आणि आतड्यांवर येतो. एक हात पोटाखाली आणि दुसरा शेपटीच्या मुळाशी ठेवून त्याला आडवा धरावा.

वाहत्या पाण्यात तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करून त्याला नुसते आधाराने उभे ठेवावे. अनेक जण त्याला पुढेमागे ढकलतात, ते करू नये. मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटे जाते. तो स्वतःच्या जोराने हातातून सुटेपर्यंत थांबावे, मग त्याला पाच मिनिटे लागोत की पंधरा.

गळ खोल गिळला असेल तर?

ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तोंडापाशी दोरा कापून मासा सोडावा. अशा माशांच्या जगण्याची शक्यता गळ उपसून काढलेल्या माशांपेक्षा अधिक असते. सोडण्याच्या इराद्याने बसणाऱ्यांनी गळाचा उलटा दात पकडीने आधीच दाबून टाकावा.

सोडला तर वजन कसे कळणार? लोक विश्वास ठेवणार नाहीत.

मासा पाण्यातच ठेवून दोऱ्याने त्याची लांबी आणि सर्वांत जाड भागाचा घेर मोजून घ्यावा. सेंटिमीटरमधील घेराला घेरानेच गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि २९,००० ने भागावे. किलोमधले अंदाजे वजन मिळते. ९० सेंटिमीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर घेराचा मासा या हिशोबाने साधारण ९ किलो ४०० ग्रॅमचा येतो. फोटो पाण्याच्या पातळीला धरून एखादाच काढावा. ज्याला विश्वास ठेवायचा नाही, तो मेलेला मासा पाहूनही ‘विकत आणला असेल’ असे म्हणतो.

मोठा मासा घरी आणून गावातल्या तळ्यात सोडला तर पुण्याचे काम नव्हे का?

हेतू चांगला असला तरी असे करू नये. मासा जेथे लागला तेथेच सोडावा. दुसऱ्या पाण्यात त्याच्यासोबत रोग आणि परजीवी जातात आणि कधी कधी तो स्वतःच तेथील माशांच्या मुळावर येतो. कावेरीचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेले दख्खनी महसीर, म्हणजे आपले खडस, संवर्धनाच्या भावनेने कावेरीत सोडले गेले, ते तेथे फोफावले, आणि कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महसीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या ऱ्हासाची इतरही कारणे आहेत, पण बाहेरून आणलेला भाऊबंद हे त्यांतले एक मोठे कारण मानले जाते.

चिलापी (तिलापिया) किंवा आफ्रिकन मांगूर लागला तर?

परत सोडू नये, आकार कितीही असो. हे परके मासे आहेत आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्ले फस्त करतात किंवा त्यांची जागा व्यापतात. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर आणि विकण्यावर देशात बंदी आहे.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत मासेमारीच करता येत नाही, त्यामुळे तेथे ठेवण्या-सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बहुतेक धरणे आणि तलाव मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथील मासा आपल्या गळाला लागला म्हणून आपला होत नाही. संस्थेची परवानगी घ्यावी आणि ठेवलेल्या माशाचे पैसे मागितले तर द्यावेत, कारण बोटुकलीचा खर्च त्यांनी केलेला असतो. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे.

ठेवायचे ठरले तर मासा कसा मारावा?

ताबडतोब मारावा. काठावर तडफडत ठेवणे क्रूर आहे आणि त्याने मांसाची चवही बिघडते. डोळ्यांच्या किंचित वर, डोक्यावर जड लाकडाचा एक नेमका घाव घालावा, मग कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे, पोट साफ करावे आणि बर्फात ठेवावा. वाचण्याची आशा नसलेला मासा पाण्यात फेकून मन हलके करून घेण्यापेक्षा, जेथे परवानगी असेल तेथे तो घरी नेऊन त्याचे कालवण करणे अधिक प्रामाणिक आहे, मग आपण सोडायचे ठरवलेले का असेना.

पंचगंगेतला मोठा मासा खावा का?

कोल्हापूर शहराच्या खालच्या अंगाला मी खात नाही. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. मोठा आणि विशेषतः इतर मासे खाऊन वाढणारा मासा वर्षानुवर्षे पाण्यातले जड धातू अंगात साठवत असतो.

आठवण म्हणून भिंतीवर लावायचा असेल तर?

त्यासाठी मासा मारण्याची गरज उरलेली नाही. माशाची कातडी वाळली की तिचा रंग उडतो आणि वरून रंगकाम करावेच लागते. मापे आणि चांगला फोटो असेल तर फायबरची प्रतिकृती तितकीच हुबेहूब होते. मूर्तिकार आणि चित्रकारांच्या या शहरात ते काम करणारे हात शोधावे लागणार नाहीत.

मी सोडलेला मासा पुढच्या वळणावर कोणाच्या तरी जाळ्यात जाणारच ना?

जाऊ शकतो. पण जाण्यापूर्वी त्याला एक हंगाम मिळाला तरी आपले सोडणे वाया गेले नाही. शिवाय जाळे टाकणारा भोई त्या माशावर घर चालवतो, आपण हौस भागवतो. त्याने मासा का सोडला नाही असे त्याला विचारण्याचा अधिकार मला वाटत नाही. माझ्या गळाबद्दल मात्र मीच उत्तर द्यायचे आहे.

सोडायचाच असेल तर पकडायचा तरी कशाला?

हा प्रश्न गळ न टाकणारे विचारतात आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असतात हे २००३ मध्ये ब्रिटनमधील संशोधनाने दाखवले. स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडण्याच्या उद्देशाने मासे पकडणे कायद्याने निषिद्ध आहे. माझे उत्तर असे की मी खाण्यासाठीच गळ टाकतो आणि त्यात खडस आला किंवा गाभण मादी आली तर ती परत जाते. दिवसभरात दहा मासे पकडून दहाही सोडणे मला पटत नाही. खाण्यापुरते मिळाले की काठी गुंडाळावी.

मुलाला आयुष्यातला पहिला मोठा मासा लागला आणि तो घरी न्यायचा हट्ट धरतो. काय करावे?

तळ्यातला कटला असेल तर आनंदाने न्यावा, त्याच्या आजीला दाखवावा आणि तुकडे शेजारी पोहोचवण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे. खडस असेल तर त्याला पाण्यात उतरवावे, त्याचे हात ओले करावेत आणि मासा त्याच्याच हातांच्या आधाराने उभा राहू द्यावा. मासा जोर करून सुटतो तो क्षण त्याच्या तळहातांना कळला पाहिजे. उन्हात उभे राहून फोटो काढायला सांगू नये.